झाकण बाटलीचं काढलं आणि त्याला मात्र आत सोडलं

काल रात्रीपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

भाचीला घेऊन फुटबॉलच्या मॅचला गेलो होतो. अकरा वर्षांची आहे, स्वतः लेफ्ट बॅक खेळते. त्यामुळे बॉल कुठे आहे यापेक्षा, बॉल दुसरीकडे असताना डिफेंडर कुठे उभा आहे, हे तिला बघायचं असतं. टीव्हीवर ते दिसत नाही, कॅमेरा सतत बॉलच्या मागे पळतो. म्हणून महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवली होती. रोज दिवस मोजत होती पोर.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने तिची सॅक उघडली, पाण्याची बाटली बाहेर काढली, झाकण फिरवून काढलं आणि शेजारच्या पिंपात टाकून दिलं. झाकण लावलेली भरलेली बाटली फेकून मारता येते, म्हणून. बरं, नियम आहे, मी वाद घातला नाही. पण नेमका त्याच वेळी शेजारच्या रांगेतून एक बाप्या आत चालला होता. धड चालता येत नव्हतं त्याला. रेलिंग धरून धरून पुढे सरकत होता. तिकीट स्कॅन करायला जमेना, तेव्हा सिक्युरिटीवाल्यानेच त्याचा हात धरून ते मशीनवर टेकवलं, पाठीवर थाप मारली, "सांभाळून हां," म्हणाला आणि दिला सोडून. आता मला सांगा, त्या गेटवर धोका कोणापासून होता? प्लास्टिकच्या झाकणापासून?

तो येऊन बसला नेमका आमच्याच मागे.

पहिल्या वीस मिनिटांत अर्धा ग्लास बिअर भाचीच्या पाठीवर. मान, जर्सी, खालची सीट, सगळं चिकट. "सॉरी बेटा, सॉरी बेटा," करत तो पुढे वाकला, तर तोंडाच्या वासाने तिने मान फिरवली. मग सुरू झाल्या शिव्या. रेफ्रीला, लाइन्समनला, आणि सगळ्यात जास्त समोरच्या टीमच्या गोलकीपरला. आईवरून, बहिणीवरून, सलग, दम न खाता. मध्यंतरात भाचीने मला हळूच विचारलं, "मामा, त्या गोलकीपरच्या आईने काय केलंय?"

काय उत्तर देणार? मला लाज वाटली. माझी काही चूक नसताना वाटली, याचा आणखी राग आला.

मध्यंतरानंतर महाशय परत आले ते दोन्ही हातांत एकेक ग्लास घेऊन. म्हणजे काउंटरवरच्या कुणीतरी त्या अवस्थेतल्या माणसाला आणखी दोन ग्लास विकले. उभं राहता येत नाही, जीभ अडखळतेय, डोळे तांबारलेत, आणि समोरचा पैसे घेऊन ग्लास भरून देतोय.

शेवटी कॉर्नर मिळाला, आमची टीम एका गोलने मागे. भाची पुढे सरकून बसली. मला म्हणाली, "लांबच्या पोस्टकडे बघ, तिथे कोणी नाहीये." बॉल उडाला आणि हा माणूस झोक जाऊन आमच्या अंगावर कोसळला. त्याचं कोपर तिच्या कानावर बसलं. मी त्याला ढकलून तिला बाजूला ओढेपर्यंत सगळं स्टेडियम नाचत होतं. गोल झाला होता. लांबच्या पोस्टवरूनच. तिने तो आधीच ओळखला होता, आणि तिलाच दिसला नाही. कान धरून बसली होती ती.

मी तडक स्टुअर्डला गाठलं, म्हणजे तो पिवळं जॅकेट घालून उभा असतो तो, आणि सगळं सांगितलं. त्याने मागे वळून बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "साहेब, त्यांनी पण तिकीट काढलंय ना." मी म्हटलं, आम्ही काय फुकट आलोय? तर म्हणे, "तुम्हाला त्रास होत असेल तर तुम्हाला दुसरीकडे बसवतो."

आम्हाला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि बसवलं कुठे, तर एका खांबाच्या मागे, जिथून एका बाजूचा अर्धा गोल दिसतच नाही.

आता या विषयावर बोलायला लागलं की लोक दोनच बाजू घेतात. एक म्हणतो, दारूशिवाय फुटबॉलला मजा नाही, बंदी घालणारे तुम्ही कोण. दुसरा म्हणतो, दारूवर सरसकट बंदी घाला, सगळे फॅन बेवडे. मी या दोघांनाही वैतागलोय. कारण दोघंही ग्लासाबद्दल बोलतात, माणसाबद्दल कोणीच बोलत नाही. प्यायलेल्या माणसाला उठवून बाहेर कोण काढणार, एवढं एकच सांगा मला.

इंग्लंडचंच बघा. तिथे 1985 पासून कायदा आहे की मोठ्या फुटबॉल मॅचला, जिथून मैदान दिसतं तिथे दारू घेऊन बसायचं नाही. स्टँडच्या मागच्या पॅसेजमध्ये बिअर मिळते, पण तिथेच संपवायची. मग होतं काय? लोक मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांगा लावतात, घटाघटा ओततात आणि जागेवर येतात. ग्लास बाहेर राहिला, दारू पोटातून आत आली. बरं, त्याच देशात क्रिकेट आणि रग्बी बघताना हातात ग्लास चालतो. म्हणजे गवत तेच, पिणारा तोच, फक्त खेळ बदलला की कायदा बदलतो. आणि गंमत नव्हे, संतापाची गोष्ट ही की त्याच कायद्यात स्टेडियममध्ये नशेत असणं आणि नशेत शिरायचा प्रयत्न करणं हाही गुन्हा आहे. तिथे कागदावर अगदी स्पष्ट लिहिलंय. मला फक्त तेवढंच हवंय! दुनियेतल्या प्रत्येक गेटवर तेवढं एक कलम पाळा, बाकी ग्लास कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

स्कॉटलंडमध्ये याहून कडक. 1980 च्या मे महिन्यात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क स्टेडियमवर सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांची कप फायनल झाली, ती संपल्यावर दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले आणि घोड्यावरच्या पोलिसांना मध्ये पडावं लागलं. त्यानंतर त्याच वर्षी कायदा आणून स्टेडियममधली दारू बंद केली. ती चित्रं बघितली की बंदी का आली ते कळतं. याउलट जर्मनीत लोक हातात बिअर घेऊन उभ्याने मॅच बघतात आणि मारामारीचा धोका असलेल्या मॅचला तेवढ्यापुरती दारू बंद ठेवतात किंवा हलकी बिअर देतात. मला ते पटतं. मॅच बघून ठरवतात, माणूस बघून ठरवतात.

सगळे फॅन दारुडे असतात असं म्हणणाऱ्यांना तर मी उभंही करत नाही. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमला मॅचच्या वेळी चेंगराचेंगरीत माणसं गेली, मृतांचा आकडा 97 वर गेला. पोलिसांनी काय सांगितलं? फॅन प्यायलेले होते. मेलेल्यांच्या रक्तातलं अल्कोहोल मोजलं, त्यात लहान मुलंही होती. सगळ्यात लहान दहा वर्षांचा होता. माझ्या भाचीपेक्षा लहान! दहा वर्षांच्या मेलेल्या पोराच्या रक्तात दारू शोधत होते हे लोक. 2012 मध्ये स्वतंत्र समितीने हा आरोप खोटा असल्याचं दाखवलं आणि 2016 मध्ये ज्यूरीने सांगितलं की ती माणसं बेकायदा मारली गेली, फॅन लोकांची काही चूक नव्हती. सत्तावीस वर्षं त्या घरांनी 'तुमचा पोरगा पिऊन मेला' हे ऐकलं. म्हणून सुक्याबरोबर ओलं जाळणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. गर्दीला दारुडी म्हणणं सोपं असतं, कारण मग गेटवर नीट काम करावं लागत नाही.

पण म्हणून 'थोडी मजा केली तर काय बिघडतं' म्हणणाऱ्यांनीही ऐकून घ्यावं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये तीन वर्ल्ड कपचे पोलिसांचे आकडे तपासले. त्यांच्या लँकेशायर भागात, इंग्लंड जिंकलं किंवा बरोबरी झाली की घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी 26 टक्क्यांनी वाढल्या, हरलं की 38 टक्क्यांनी. मग मँचेस्टर भागातल्या नोंदींवर आणखी एक अभ्यास झाला, त्यात तर चित्र अगदी स्वच्छ आहे: मॅच चालू असताना मारहाण उलट कमी होते, मॅच संपली की वाढत जाते आणि दहा-बारा तासांनी सगळ्यात जास्त होते. आणि ही वाढ प्यायलेल्या पुरुषांमुळे. म्हणजे दोष फुटबॉलचा नाही. फुटबॉल त्या दोन तासांत माणसाला बांधून ठेवतो. नंतर घरी जे पोचतं ते बाटलीतलं असतं, आणि ते कोणाच्या तरी बायकोच्या अंगावर जातं. स्टेडियममध्ये मला निदान सीट बदलून मिळाली. तिला कुठे बसवणार आहात?

आणि हे सगळं ठरवतं कोण? पैसा. ब्राझीलमध्ये स्टेडियममधल्या दारूवर बंदी होती, मारामाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून. 2014 च्या वर्ल्ड कपच्या आधी फिफाचे सरचिटणीस जेरोम वाल्क तिथे जाऊन सांगून आले की बिअर विकायचा हक्क कायद्यात आलाच पाहिजे, यावर चर्चा नाही. 2012 मध्ये त्या देशाने वर्ल्ड कपपुरता वेगळा कायदा केला. बिअर कंपनी स्पॉन्सर होती ना! कतारमध्ये 2022 साली उलटं झालं. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी जाहीर केलं की स्टेडियमच्या आवारात बिअर मिळणार नाही. साध्या तिकिटावर आलेल्यांना बिनअल्कोहोलची बिअर, आणि महागड्या बॉक्समध्ये बसलेल्यांना हवी ती दारू. वर बसलेला पिऊन आडवा झाला तरी तो पाहुणा, खाली बसलेला शुद्धीत असला तरी संशयित. या सगळ्या निर्णयांत शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा विचार एकदा तरी झाला का?

मी काही सोवळा नाही. घरी मॅच बघताना मित्रांबरोबर मीही ग्लास घेतो. एका ग्लासाने कोणी राक्षस होत नाही, स्टँडमध्ये आमच्या आजूबाजूला पन्नास जण बिअर घेऊन बसले होते आणि त्यातल्या एकाचाही आम्हाला त्रास नव्हता. एक काकू तर रुमाल घेऊन आल्या, भाचीची पाठ पुसून दिली, त्यांच्या हातातही ग्लास होता. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. ज्यांना गेटवर तो दिसला आणि ज्यांनी सोडला, ज्यांनी त्याला पुढचे दोन ग्लास विकले, आणि ज्याने त्याच्याऐवजी मला उठवलं, त्यांच्याशी आहे. तिघांचा पगार एकाच खिशातून येतो. ज्या खिशात बिअरचे पैसे जातात, त्यालाच पिणाऱ्याला हाकलायला सांगितलंय. तो कशाला हाकलेल?

आणि नशेत असलेला माणूस ओळखायला काय डॉक्टर लागतो? अकरा वर्षांच्या पोरीने ओळखला. गेटवरच मला म्हणाली होती, "मामा, ते काका पडतील."

परत येताना बसमध्ये गर्दी होती, आम्ही उभेच होतो. बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं आणि झाकण नव्हतं. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताचा तळवा बाटलीच्या तोंडावर दाबून ती घरापर्यंत उभी होती. मी म्हटलं, ओतून टाक ना खिडकीतून. तर म्हणाली, "नको मामा, कोणाच्या तरी अंगावर उडेल."