मॅडिसन शर्मनने पाहिलंच नव्हतं

अमेरिकेत अटलांटाहून आय-20 महामार्गाने पूर्वेला तासाभरावर जॉर्जियातलं मॅडिसन गाव लागतं. पांढऱ्या खांबांच्या तिथल्या घरांचे फोटो फिरू लागले की खाली हा मजकूर हमखास असतो: 'समुद्राकडे कूच करताना जनरल शर्मनने वाटेतलं प्रत्येक गाव जाळलं. मॅडिसन मात्र इतकं देखणं वाटलं, की सोडून दिलं. म्हणून तिथलं सगळं युद्धाआधीचं आहे.' आपल्याकडे जसं प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघतं, तसंच हे.

प्रत्येक गाव जाळलं? शर्मन हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती. त्याचा 9 नोव्हेंबर 1864 चा हुकूम वेगळंच सांगतो: घरं, गिरण्या पाडायचा अधिकार फक्त कोअरच्या, म्हणजे अनेक डिव्हिजनच्या मोठ्या तुकडीच्या, कमांडरना, आणि सैन्याला विरोध झाला नाही तिथे तेही करायचं नाही. हुकूम नेहमी पाळला गेला नाही, लूट तर भरपूर झाली. पण राज्याची तेव्हाची राजधानी मिलेजव्हिल घ्या. शर्मन तिथल्या गव्हर्नरच्या वाड्यात उतरला होता, आणि तो वाडा आजही उभा आहे.

आता देखणेपणाची गोष्ट. देखणं वाटायला आधी बघावं लागतं. 19 नोव्हेंबरला मॅडिसनमधून गेली ती शर्मनचा सेनापती स्लोकम याच्या हाताखालची विसावी कोअर. शर्मन चौदाव्या कोअरबरोबर दक्षिणेकडच्या वाटेने, शेडी डेलवरून चालला होता.

गाव वाचवण्याचं श्रेय गावातलाच राजकारणी जोशुआ हिल यालाही देतात, आणि त्यात तथ्य असावं. फक्त त्याला 'सिनेटर हिल' म्हणतात ते चूक. सिनेटर तो 1871 मध्ये झाला. युद्धाआधी तो अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात होता, शर्मनचा भाऊ जॉन याच्याच सभागृहात. जॉर्जियाने देशातून फुटून निघण्याला हिलचा विरोध होता. त्याचा मुलगा कॅसव्हिलजवळ मारला गेला. त्याचा मृतदेह शोधायला हिल शत्रूच्या हद्दीत आला आणि अटलांटात शर्मनला भेटला. ही हकीकत खुद्द शर्मनने आठवणींत लिहिली आहे. एवढी माणसाची गोष्ट टाकून लोकांना 'सुंदर गाव' कसं पुरतं, कळत नाही.

शिवाय गाव सुटलं म्हणजे सगळंच सुटलं असं नाही. स्टेशन जाळलं, रूळ उखडले, आणि विसाव्या कोअरमधल्या गिअरीच्या डिव्हिजनने पुढे जाऊन ओकोनी नदीवरचा रेल्वेपूल पेटवला. सैन्याला रेल्वे मोडायची होती, घरांचे खांब नव्हे.

राहिलं 'सगळं युद्धाआधीचं'. 1869 च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग गेला, म्हणजे तिथल्या विटांच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या. सांस्कृतिक केंद्र आहे ती शाळेची इमारत 1895 ची, आणि कोर्ट तर विसाव्या शतकातलं.

जी घरं खरोखर जुनी आहेत, ती कापसाच्या पैशावर उभी राहिली. 1860 मध्ये मॉर्गन काउंटीत दर 10 माणसांतली सुमारे 7 गुलाम होती. फोटोखालच्या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळही नसते.