दोन हेल्मेटं आणि एक बॅग

मोटारसायकलींमध्ये स्पोर्टी ॲडव्हेंचर टूरर नावाची एक जात आहे. तिला पुढे चोच असते, हँडल उंच असतं, मागे पेट्या लागतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की ही आता थेट लडाखला निघाली. जवळ जाऊन पुढचं चाक बघावं. ते 17 इंची निघतं, रेसच्या गाडीला असतं तसं, अलॉयचं. चेहरा गिर्यारोहकाचा आणि पायात लग्नातले बूट, असा प्रकार. डोंगर चढायच्या खऱ्या गाड्यांना पुढे 21 इंची, स्पोकचं चाक असतं. कावासाकीची व्हर्सिस 1000, यामाहाची ट्रेसर 9, बीएमडब्ल्यूची एस 1000 एक्सआर ही मंडळी 17 इंची घराण्यातली. माझी गाडीही त्याच घराण्यातली. कंपनी सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कंपनीला आवडणार नाही आणि माझी वॉरंटी अजून शिल्लक आहे.

मी साताऱ्याचा, सासुरवाडी चिपळूणची. मधे कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. गाडी घेताना घरी जे कारण दिलं होतं ते असं, की हिला इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आहे, रस्ता कसाही असो, मागे बसणाऱ्याची पाठ दुखत नाही. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या पैशात चारचाकी येते. तिलाही पाठ असते." मी ऐकलं नाही.

या सस्पेन्शनला निघण्यापूर्वी वजन सांगावं लागतं. पडद्यावर चित्रं येतात: एक हेल्मेट; हेल्मेट आणि बॅग; दोन हेल्मेटं; दोन हेल्मेटं आणि बॅग. आपण चित्र निवडलं की सीटखाली एक छोटी मोटर घुर्रर्र करत मागची स्प्रिंग आवळते, आणि गाडीचं मागचं अंग वर येतं. कागदावर ही सोय फार छान वाटते. प्रत्यक्षात काय होतं, तर बायको मागे बसते, मी बटण दाबतो, आणि तिच्या बरोब्बर खालून गाडी कण्हते.

"हा आवाज मी बसल्यावरच का येतो?"

"अगं, तो बॅगेमुळे."

"बॅग अजून पायरीवर आहे."

तेव्हापासून मी ती यायच्या आधी गुपचूप दोन हेल्मेटं करून ठेवतो. पण परतीच्या प्रवासात सगळं उघडं पडतं. सासूबाई निघताना तांदूळ देतात, आगळाच्या बाटल्या देतात, फणसाचे गरे देतात, आणि वर "एवढंसं तर आहे" म्हणतात. दोन हेल्मेटं आणि एक बॅग याच्या पुढे पडद्यावर चित्र नाही. ज्या इंजिनिअरने ही चित्रं काढली त्याची सासुरवाडी कोकणात नसावी. मेहुणा विचारतो, "भावजी, हिला ओव्हरलोड झालेलं कळतं का हो?" कळतं. दोघींनाही कळतं.

या सस्पेन्शनच्या आत मूळ सामान जुनंच असतं, स्प्रिंग आणि तेल. धक्का स्प्रिंग झेलते. पण दाबलेली स्प्रिंग नंतर उसळत राहते, तिला आवरायला तेल. दट्ट्या सरकतो, तेलाला बारीक भोकातून जावं लागतं, उसळी मुरते. बीएमडब्ल्यूच्या आर 12 ला 1935 साली तेलाचे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या, आल्या तेव्हापासून हेच चाललंय. भोक किती उघडं ठेवायचं ते पूर्वी स्क्रू ड्रायव्हर ठरवायचा. 2004 मध्ये बीएमडब्ल्यूच्याच के 1200 एस वर त्यासाठी बटण आलं. 2013 च्या डुकाटी मल्टिस्ट्राडा 1200 एस पर्यंत गाडी स्वतःच, पळता पळता, ते ठरवायला लागली.

त्यामागचा विचार 1974 चा, डीन कार्नॉप नावाच्या इंजिनिअरचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. समजा, गाडीचा वरचा भाग एका डॅम्परने, म्हणजे तसल्याच तेलाच्या दट्ट्याने, आकाशाला बांधलाय. खाली चाकं काय वाटेल ते करोत, स्वार जागचा हलणार नाही. आकाशात बांधायला काही नसतं, म्हणून तेलाची झडप क्षणाक्षणाला कमीजास्त उघडून तसा भास निर्माण करायचा. विश्वामित्रांनी त्रिशंकूला अधांतरी ठेवलं ते कोणत्या झडपेवर, हे पुराणांत आलेलं नाही. पण त्रिशंकूला सर्व्हिसिंग लागल्याचंही आलेलं नाही.

वेग मात्र थक्क करणारा. शोवा या सस्पेन्शन बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या प्रणालीत फोर्कच्या आतला सेन्सर दर मिलिसेकंदाला खबर देतो. ताशी 60 ने जाणारी गाडी तेवढ्या वेळात पावणेदोन सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. म्हणजे खड्ड्याची कड ओलांडते न ओलांडते तोच गाडीला कळलेलं असतं की आपण खड्ड्यात आहोत. मला थोडं उशिरा कळतं. बायकोला गाडीच्याही आधी कळतं, आणि तिची खबर कानात येते.

पण कळून उपयोग किती? या घराण्यातल्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला वरखाली व्हायला साधारण 13 ते 15 सेंटिमीटर मिळतात. घाटात श्रावण सरेपर्यंत खड्ड्यांची सुरुवातच तिथून होते. गतिरोधकांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, सावकाश चढून सावकाश उतरणारा असावा. गावाच्या वेशीवर भेटतात ते वेगळ्या परंपरेतले. उरलेलं डांबर, थोडी खडी आणि सरपंचांचा राग एवढ्यावर ते उभे असतात. माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये स्पोर्ट, टूर आणि रेन असे मोड आहेत. यातला वेस कोणता, हे मी अजून शोधतोय.

आता टिकाऊपणा. या गाड्यांचे फोर्क उलटे असतात, म्हणजे चकचकीत दांडी खाली, चाकाजवळ. कोकणातला लाल चिखल थेट तिच्यावर उडतो, वाळतो, आणि त्यातला कण रबरी सीलच्या ओठाखाली शिरतो. मग तेल पाझरायला लागतं. पाटणजवळ चहाला थांबलो तर उजव्या दांडीवर तेलाचं कडं. थोडं आणखी खाली ओघळलं असतं तर ब्रेकवर. आणि दर मिलिसेकंदाला खबर देणारा सेन्सर याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. पडद्यावर सगळं हिरवंगार.

शेजारी गॅरेज होतं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, उकिडवे बसले आणि म्हणाले, "साहेब, ह्याला काय न्हाय. एक्स-रे हाय का?"

"कुणाचा?"

"कुणाचा बी."

योगायोगाने पेटीत सासूबाईंच्या गुडघ्याचा होता, साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवायला दिलेला. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "कडेचा काळा भाग कापा, वाटी सोडून." मिस्त्रींनी कात्रीने पट्टी कापली, टोकाला आकडीसारखी खाच केली, धूळरोधक रबर खाली सरकवलं, पट्टी सीलच्या आत घालून दांडीभोवती फिरवली आणि कणभर लाल माती बाहेर काढून नखावर दाखवली. दांडी पुसली, फोर्क चार वेळा दाबला. कोरडा. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. दर वेळी हे चालत नाही. सीलचा ओठच फाटला असेल तर नवं सील आणि नवं तेल, दुसरा इलाज नाही. पण माझं सील त्या गुडघ्याच्या कृपेने अजून कोरडं आहे. डॉक्टरांनी विचारलं, फिल्म एका बाजूने कापलेली का? बायकोने सांगितलं, "जावयाच्या उपयोगी पडली."

मागच्या शॉकची गोष्ट इतकी सरळ नाही. एका धुवांधार दिवशी घाट चढताना पिवळा दिवा लागला आणि राहिला. गाडी पुण्याला दाखवली. तिथे वातानुकूलित हॉल, कॉफी, आणि लॅपटॉप घेतलेला एक अतिशय सभ्य मुलगा.

"सर, कोड आलाय."

"म्हणजे काय झालंय?"

"कोड आलाय, सर."

"उघडून बघा की."

तो दचकला. हा शॉक उघडत नाहीत, बदलतात. अख्खा. बाहेरून येणार. त्याने सांगितलेल्या किमतीत नवीन स्प्लेंडर आली असती आणि वर वर्षभराचं पेट्रोल. युरोप-अमेरिकेत असे शॉक उघडून तेल-सील बदलून देणारे स्वतंत्र कारागीर आहेत, म्हणजे वस्तू उघडते; उघडायचं कुणी, एवढाच प्रश्न. मला आमचे पाटणचे मिस्त्री आठवले. पण वॉरंटीत होतं, त्यामुळे गप्प बसलो. पार्ट यायला किती दिवस, यावर तो मुलगा नुसता हसला.

तोवर गाडी तशीच चालवली. चालते; वीज गेली तरी स्प्रिंगला त्याचं सोयरसुतक नसतं, झडप एका जागी अडकून राहते, एवढंच. जरा कडक वाटते. त्या अवस्थेत चिपळूणला जाऊन आलो. उतरल्यावर बायको म्हणाली, "आज छान वाटली हो गाडी. मी बसले तरी काही बोलली नाही."

यथावकाश नवा शॉक आला, बसला, दिवा विझला, घुर्रर्र पुन्हा सुरू झालं. फरक माझ्यात पडलाय. ती किंमत एकदा कानावरून गेली की खड्डा म्हणजे खड्डा राहत नाही, त्याच्या तळाशी आकडा दिसायला लागतो. ज्या खड्ड्यांसाठी हे सस्पेन्शन घेतलं, त्यांच्यापासून मी आता त्याला जपतो. कॉम्प्युटर मोड बदलायच्या तयारीत बसलेला असतो आणि मी त्याला काही कामच देत नाही. पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, कडेकडेने. मागून पाच टप्प्यांच्या साध्या शॉकवरचे स्प्लेंडरवाले भुर्रकन जातात.

परवा त्यातला एक दूधवाला, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, एक मोठा खड्डा उडवून पुढे गेला, थांबला, मागे वळून बघत राहिला. मी जवळ पोचल्यावर अगदी काळजीने म्हणाला, "बंद पडली व्हय, साहेब? दोरी हाय माज्याकडं."