शार्क आराखडा : कपाटात शोभेल असा

शार्क वाचवायचा सरकारी आराखडा लिहायचाय, पण काम काहीच करायचं नाही? मग मुखपृष्ठावर व्हेल शार्क छापा. देखणा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि तुमच्या बंदरावर रोज उतरणाऱ्या मालात कधीच न दिसणारा. निम्मं काम झालं.

आता कृतींचा तक्ता. नुकत्याच हाती आलेल्या एका सरकारी मसुद्यात प्रत्येक कृतीपुढे जबाबदारी 'संबंधित यंत्रणा' आणि कालमर्यादा 'निरंतर' अशी होती. निधीचा रकानाही होता, कोरा. हाच आदर्श ठेवा. निरंतर चालणाऱ्या कामाला उशीर होऊच शकत नाही.

एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, शार्कसाठीचा आंतरराष्ट्रीय कृती आराखडा १९९९चा. देशांनी आपापले आराखडे २००१पर्यंत करावेत, अशी त्यात अपेक्षा. पण तो ऐच्छिक आहे ना? मग झालं तर. दर चार वर्षांनी आढावा घ्या म्हणणारं कलम वाचूच नका.

पाकटं, करवत मासे, कायमेरा हे शार्कचे भाईबंद वगळा. एफएओच्या व्याख्येत तेही 'शार्क'च, पण मुखपृष्ठावर जागा कुठंय?

खरी मेख नोंदवहीत आहे. जातीचं नाव लिहू देऊ नका. 'शार्क, इतर' असा एकच रकाना ठेवा आणि त्यात टन भरा. लवकर वयात येणाऱ्या छोट्या मुशीची (मुशी म्हणजे शार्कच) आवक वाढते, हातोडीच्या डोक्याची कानमुशी संपत जाते, बेरीज तेवढीच राहते आणि अहवालात 'साठा स्थिर' छापता येतं. लांबी मोजलीच, तर शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे लिहू नका. दोन्ही मापांची सरमिसळ झाली की तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही. नर की मादी, तेही नको. नराच्या पोटाच्या परांना, म्हणजे पोहायच्या पंखांना, लागून दोन दांडे असतात, एका नजरेत कळतं, पण तेवढं वाकणार कोण? मादीच्या पोटात पिल्लं किती, हे बघणं तर लांबच. अहो, मांटा पाकट एका वेळी बहुधा एकच पिल्लू देतं! स्पायनी डॉगफिश ही जेमतेम मीटरभराची मुशी पिल्लं जवळजवळ दोन वर्षं पोटात वागवते! ही कोळंबी नव्हे, एक हंगाम बंदी घातली आणि पुढच्या वर्षी जाळी भरली असं व्हायला!

असो. नुसते पर कापून धड समुद्रात फेकू नये म्हणून परांचं वजन धडाच्या ५ टक्क्यांच्या आत हवं, एवढाच नियम करा. धड अख्खं की डोकं-आतडी काढलेलं, पर ओले की वाळलेले, हे मोघम ठेवा. युरोपीय संघानं २०१३मध्ये पर अंगाला जोडलेलेच उतरवायची सक्ती केली. त्यानं जात चटकन ओळखू येते, तराजूचा घोळ संपतो. म्हणजे आपल्या उपयोगाचं नाही.

साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधल्या, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या, जातीच्या निर्यातीआधी, त्या व्यापारानं जातीला हानी होणार नाही, असा वैज्ञानिक निष्कर्ष लागतो. 'हानी आढळली नाही' असं लिहून द्या. मोजलंच नाही तर आढळेल कुठून?

पुरे झाला चावटपणा. शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आहेत आणि तुम्ही मुखपृष्ठ निवडत बसलाय! प्रत्येक मोठ्या बंदरावर पगारी माणूस नेमा. त्याच्या हातात ओळखतक्ता आणि मोजपट्टी द्या. ठरल्या दिवशी जात, लिंग, लांबी, जाळं की गळ आणि ते किती तास पाण्यात होतं, हे लिहून घ्या. बंदी घालायच्या आधी मच्छीमारांना विचारा. कोवळी पिल्लं कुठल्या खाडीत आणि कधी लागतात, हे त्यांना ठाऊक असतं. प्रत्येक कृतीपुढे एक पदनाम, एक तारीख, एक रक्कम लिहा. आणि तो 'निरंतर' आधी खोडा.