‘छोट्या बंधाऱ्यावर कोणी बुडत नाही’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की ठाणे, कळवा, डोंबिवलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही आलाय, मला सोसायटीच्या ग्रुपवरून आला आणि ऑफिसच्या पण. म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या धरणावर जाऊ नका पण नदीवरचे छोटे बंधारे एकदम सेफ, पाणी कमरेएवढं, पोहता येत असेल तर टेन्शन नाही, पाऊस थांबला की पाणी वाढत नाही, गावची पोरं रोज तिथेच उड्या मारतात, आणि बंदीबिंदी सगळी दंड उकळायला. वाचून मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण रविवारी सकाळच्या कर्जत लोकलमध्ये बॅगेत टॉवेल टाकून निघालेली कॉलेजची पोरं मी बघतो आणि ती असलंच काहीतरी वाचून निघालेली असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पाणी कमरेएवढंच असतं’

हा सगळ्यात घातक मुद्दा आहे म्हणून यावर जरा वेळ घालवतो. कमरेएवढं पाणी असतं ते भिंतीच्या वरच्या अंगाला, तेही कुठे कुठे. खरा धोका भिंतीच्या पायथ्याशी, खालच्या बाजूला असतो. पाणी भिंतीवरून सांडतं, सरळ तळाशी जातं, तळावर आपटून थोडं पुढे जाऊन वर उसळतं आणि वर आलेल्यातलं बरंचसं पाणी पृष्ठभागावरून परत भिंतीकडेच येतं. म्हणजे तिथे नदी उलटी वाहते! त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, वरून पडणारं पाणी त्याला खाली दाबतं, तो पुढे वर येतो आणि परत भिंतीकडे. हे चक्र थांबत नाही.

खोटं वाटत असेल तर बंधाऱ्यापासून लांब, नदीच्या उंच काठावर सुरक्षित जागी उभं राहून बघा. बदलापूरकडे उल्हास नदीवर मी हे एका नारळात बघितलंय, कोणीतरी पूजेचा नारळ सोडला होता, तो भिंतीवरून खाली गेला, मला वाटलं आता वाहत जाईल कल्याणकडे, पण तो पायथ्याशी फेसात गोल फिरत बसला, खाली जायचा, दोन हात पुढे वर यायचा, परत भिंतीला चिकटायचा. शेजारी एक चप्पल आणि थर्माकोलचा तुकडा, तेही तसेच. मी बराच वेळ उभा होतो, निघालो तेव्हा नारळ तिथेच होता. नारळ तरंगतो, त्याला श्वास लागत नाही. माणसाला लागतो.

आणि तो पांढरा फेस, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, तो म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. त्या पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही, हात मारले तरी पकड लागत नाही.

आकडा हवा असेल तर घ्या. समजा बंधारा 50 मीटर लांब आहे आणि वरून फक्त 30 सेंटिमीटर जाडीचं पाणी सांडतंय, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. हिशेब केला तर दर सेकंदाला साधारण 14 हजार लिटर पाणी खाली पडतं, म्हणजे 14 टन. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. भिंतीच्या माथ्यावर शेवाळ असतं, चप्पल काढून चाललात तरी पाय सटकतोच, आणि लोक तिथे लहान मुलांना हाताला धरून रांगेने चालतात, ते बघवत नाही मला.

‘पोहता येणाऱ्याला काही होत नाही’

स्विमिंग पूलमध्ये लेंथ मारणं वेगळं आणि हे वेगळं. अमेरिकेत 1975 साली बिंगहॅम्टन गावाजवळ सस्क्वेहाना नदीच्या अशाच बुटक्या बंधाऱ्याखाली अग्निशमन दलाचे जवान बोटीतून बचावाला गेले आणि त्यांच्यातलेच तिघे बुडाले. ट्रेनिंग घेतलेली माणसं, सोबत बोट, तरी. आपल्याकडे पण बातम्या नीट वाचा, किती वेळा एक बुडतो आणि त्याला काढायला उडी मारलेला मित्र किंवा भाऊ पण जातो. कोणी सापडलं तर कृपा करून उडी मारू नका. काठावरून दोर टाका, दोर नसेल तर ओढणी, लांब बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते, आणि दुसऱ्याने लगेच 112 लावायचा.

‘पाऊस नाही तर पाणी वाढणार कुठून’

आपल्या भागात तर हे अजिबात लागू नाही. उल्हास नदीत फक्त पावसाचं पाणी येत नाही. वर मावळात टाटांचं ठोकरवाडी धरण आहे, त्याचं पाणी घाटातून खाली भिवपुरीच्या वीज केंद्रात येतं, 1922 पासून येतंय, आणि वीज तयार झाली की ते उल्हासात सोडलं जातं. म्हणूनच ही नदी भर मे महिन्यात वाहती असते आणि बदलापूर-अंबरनाथपासून पुढे कितीतरी शहरं तिच्यावर पाणी पितात. पण वीजनिर्मिती काही सगळे तास सारखी चालत नाही, मागणी वाढली की जास्त पाणी येतं. म्हणजे डोक्यावर ऊन आणि खाली पाणी चढतंय असं होऊ शकतं. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं तर आणखी वेगळं, तिथले दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी 72.60 मीटरला गेली की आपोआप उघडतात, बदलापूरात तेव्हा पाऊस असेल किंवा नसेल.

आणि ‘वाढताना दिसतं, तेव्हा निघू’ असं म्हणणाऱ्यांनी 30 जून 2024 आठवावा. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच घरातली पाच जणं वाहून गेली. काठावर माणसं होती, व्हिडिओ काढला गेला, तरी वाचवता आलं नाही.

पाऊसच नसतानाचं उदाहरण हवं तर मार्च 2025 ची धुळवड. रंग खेळून झाल्यावर बदलापूरजवळ चामटोलीला उल्हास नदीत उतरलेली चार मुलं बुडाली, पंधरा-सोळा वर्षांची. पुराचं नाव नाही, ढग नाही.

‘गावची पोरं रोज उड्या मारतात’

मारतात, खरंय. पण ती बारा महिने ती नदी बघतात, कुठे खड्डा आहे, कुठे रेती उपसलीय, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बर्गे, म्हणजे खांबांच्या मधे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, काढलेत की बसवलेत हे त्यांना माहीत असतं. बर्गे काढलेले असले की दोन खांबांच्या मधल्या गाळ्यातून पाणी प्रचंड ओढीने जातं, तिथे माणूस अडकला तर निघत नाही. आणि एवढं माहीत असूनही गावातली पोरं बुडतातच की, फक्त त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते.

‘बंदी म्हणजे दंड वसुली’

इथे मात्र मेसेजवाल्याचं दुखणं मला थोडं कळतं. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, आधी कलम 144 खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली, आणि मग नाक्यावर पोलीस उभे. ठाण्यात दोन खोल्यांत पाच जणं राहणाऱ्या घराने रविवारी जायचं कुठे? वॉटर पार्कचं तिकीट परवडत नाही. नदी सगळ्यांची आहे आणि तिच्या काठावर बसायचा हक्क असायलाच हवा, मी या बाजूचा माणूस आहे. पण म्हणून बंधारा सेफ होत नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी नको असेल तर मागणी करा: भिंतीच्या वरच्या अंगाला तरंगत्या पिंपांची साखळी, त्याच्या पुढे जायचं नाही. पाणी सोडण्याआधी भोंगा. लाल रंगाने पातळीची खूण, पाणी त्यावर गेलं की सगळे बाहेर. काठावर दोर आणि रिंग, आणि भिंतीपासून चांगलं लांब, उथळ, तळ बघून ठरवलेली एक जागा जिथे पोरंबाळं पाय बुडवतील, सुट्टीच्या दिवशी तिथे जीवरक्षक.

यासाठी आधी बंधारा कोणाचा ते शोधावं लागतं, कारण कुठला जीवन प्राधिकरणाचा असतो, कुठला एमआयडीसीचा, कुठला लघुपाटबंधारेचा नाहीतर जिल्हा परिषदेचा, आणि बोर्ड नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ग्रामपंचायतीत विचारलं तर बहुतेक वेळा कळतं. मी अर्जाचा साधा मसुदा मराठीत करून ठेवलाय, बंधाऱ्याचं आणि गावाचं नाव तेवढं भरायचं. ज्यांना हवा त्यांनी सांगा, पाठवतो, आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला त्याच ग्रुपवर हेही टाका.