फक्त फोटो बदला

फ्लेक्सच्या दुकानात ऐकू येणारं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे, "मागच्या वर्षीचंच डिझाईन आहे हो, फक्त फोटो बदला." हे म्हणणारा माणूस खुर्ची ओढून शेजारी बसतो, माझ्या खात्यावर दोन चहा सांगतो आणि वर "पाच मिनिटांचं काम" असंही म्हणतो.

मागच्या वर्षीची फाईल मागच्या वर्षीच्या ऑपरेटरची. तो आता समोरच्या दुकानात बसतो आणि आमच्याकडे बघत नाही. त्याची फाईल उघडली की कारण कळतं. फोटोशॉपमध्ये डिझाईनचा एकेक तुकडा एकेका पारदर्शक थरावर असतो, तो लेयर; लेयरचं गाठोडं म्हणजे ग्रुप. 'लेयर १४ कॉपी ३', 'ग्रुप २ कॉपी', आणि त्याच्या पोटात आणखी एक 'ग्रुप २ कॉपी २'. एका शुभेच्छुकाला चार लेयर लागतात: गोल, गोलात क्लिप केलेला फोटो, नाव आणि पद. २८ शुभेच्छुक म्हणजे झाले ११२. सोनेरी किरणं आणि कोपऱ्यातला वाघ वेगळेच.

मजकुराच्या लेयरला फोटोशॉप मजकुराचंच नाव आपणहून देतं, तेवढाच आधार. पण आमचा मजकूर जुन्या श्रीलिपीतला, म्हणजे इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवणाऱ्या फॉन्टमधला. बॅनरवर झकास देवनागरी, लेयरच्या यादीत मात्र तिच्याखालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. उपसरपंचांचं नाव तिथे बँकेच्या पासवर्डसारखं दिसतं.

फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली, ३.० आवृत्तीत. ते ग्रुपमध्ये बांधायची सोय आली २००० साली, सहाव्या आवृत्तीत, तीही 'लेयर सेट' या नावाने. मधली सहा वर्षं लोकांनी कशी काढली असतील देव जाणे. बहुधा त्यांच्याकडे शुभेच्छुक कमी असावेत.

परवा असेच एक भाऊ येऊन बसले. ग्रुप करणं अवघड नाही. लेयर निवडायचे आणि कंट्रोल-जी दाबायचं. मी रीतसर 'वरचे नेते', 'साहेब' आणि 'शुभेच्छुक' असे ग्रुप केले, ओळखू यावेत म्हणून यादीत रंगही दिले. भाऊंचा चहाचा कप हवेतच थांबला.

"त्यांना भगवा आणि आम्हाला राखाडी?"

हे रंग छापले जात नाहीत, हे पटवण्यात चहा गार झाला.

मग साहेबांना उजळ करायचं निघालं. (इथे कोणीच सावळं नसतं.) नवा ग्रुप मुळात 'पास थ्रू' असतो, आत केलेला बदल त्याला न जुमानता खालपर्यंत झिरपतो. साहेबांच्या ग्रुपात कर्व्हज, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा लेयर, टाकला तर खालचे २८ जणही फुकटात गोरे होतात. ग्रुप 'नॉर्मल' केला की उजेड साहेबांपुरता राहतो. भाऊंना दोन्ही करून दाखवलं.

"साहेबांपुरताच ठेवा," ते म्हणाले. मग दाराकडे एक नजर टाकून, "आणि मला."

वरच्या पट्टीचं काम मात्र जपून करावं लागतं. २०२२च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, २०२३च्या जुलैत दुसरा. तेव्हापासून आमच्या दुकानात कुठलाही नेता डिलीट होत नाही. लेयरशेजारचा डोळा तेवढा बंद करायचा. नेता छापला जात नाही, पण फाईलमध्ये असतो, जागच्या जागी, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. अशा सगळ्यांचा एक ग्रुप करून मी त्याला 'वेटिंग' नाव दिलंय.

भाऊंची नजर नेमकी तिथे गेली. "हे उघडा जरा." मी उघडला. बारीक बारीक चौकोनांत बरीच मोठी माणसं.

"हे तर तिकडे गेले ना?"

"म्हणून तर डोळा बंद आहे."

भाऊ बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. खुर्ची आणखी जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"यांच्या शेजारी माझा एक फोटो लावून ठेवता का? डोळा बंदच राहू द्या."