‘शोधनिबंध छापायचे सहा सोपे नियम’ आणि सीमाभागातला वर्ग

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘शोधनिबंध छापायचे सहा सोपे नियम’ असा मजकूर फिरतो. तो थोडक्यात असा: एक, आयएसएसएन आणि यूजीसी केअर पाहा, फी भरा, तीन दिवसांत प्रमाणपत्र मिळतं; दोन, एका वर्गातली वीस-बावीस मुलं म्हणजे संशोधन नव्हे, आकडा शंभराच्या वर दाखवा; तीन, चाचणी महाराष्ट्रातली तयार मिळते ती वापरा; चार, सीमाभागाचा उल्लेख टाळा, संपादक बिचकतात; पाच, मुलं आपलीच आहेत, परवानगी कसली; आणि सहा, दहा टक्क्यांपर्यंत उचललेलं चालतं. सहाही नियम चूक आहेत, पण सारखेच चूक नाहीत. काही ऐकीव माहितीतून आलेत, तर आकडा फुगवायचा दुसरा नियम सरळ लबाडी शिकवतो.

आधी आयएसएसएन. हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक. तो मासिकाला मिळतो, वार्षिकांकाला मिळतो, आणि आतला लेख कुणी तपासला की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही. यूजीसी केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ती बंद केली. म्हणजे आज कुणी ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागत असेल तर तो जुना फलक दाखवून दुकान चालवतोय. शिवाय ती यादी होती कॉलेज-विद्यापीठांसाठी. तिसरी-चौथीच्या गुरुजींना आणि बाईंना तिच्या धाकात राहायचं कारण तेव्हाही नव्हतं. फी घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं असतं असं नाही. सर्वांना फुकट वाचायला खुली असणारी काही चांगली नियतकालिकं लेख स्वीकारल्यावर लेखकाकडून खर्च घेतात. पण तीन दिवसांत छापण्याची हमी याचा अर्थ एकच, लेख कुणी वाचणार नाही. मागचे दोन अंक उघडा, प्राथमिक वर्गावरचे दोन लेख नीट वाचा, आणि मग ठरवा. एनसीईआरटीचं ‘द प्रायमरी टीचर’ इंग्रजीत आणि ‘प्राथमिक शिक्षक’ हिंदीत निघतं. दोन्ही नेमकी आपल्याच वर्गाबद्दल बोलतात आणि छपाईचे पैसे मागत नाहीत.

आता बावीस मुलांचा मुद्दा, कारण इथंच सगळ्यात जास्त लेख बिघडतात. छोटा वर्ग हा दोष नाही. एका वर्गाचा बारकाईनं केलेला अभ्यास प्राथमिक शिक्षणाच्या संशोधनात पूर्वीपासून चालत आलाय. बावीसचे एकशे वीस करणं मात्र बनावट आहे, आणि ती पकडली जाते. परीक्षक, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारा जाणकार, शाळांची संख्या विचारतो, इयत्तावार पट विचारतो, आणि खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत तिसरीला एकशे वीस मुलं कुठून आली याचं उत्तर द्यावं लागतं. कर्नाटकातल्या बऱ्याच सरकारी शाळांत नली-कली या हसत-खेळत शिकायच्या पद्धतीमुळं पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, तेव्हा ‘तिसरीची सात मुलं, एकत्र वर्गात एकूण बावीस’ असं लिहायला लाजायचं काय? उलट वाचणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

खरा प्रश्न बावीसपैकी शेवटपर्यंत किती राहिली हा असतो. समजा वाचनाचा एखादा उपक्रम सुरू करण्याआधी जुलैत पूर्वचाचणी घेतली आणि तो झाल्यावर फेब्रुवारीत उत्तरचाचणी. मधे सुगी येते. साखर कारखान्यांवर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं हंगामात पटावर दिसतात आणि हंगाम सरला की निघून जातात. माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा असते. उत्तरचाचणीला अठराच मुलं हजर राहिली आणि गैरहजर चौघं वाचनात सगळ्यात मागं असली, तर एकाही मुलाचं वाचन न सुधारता वर्गाची सरासरी वर जाते. लेखात मात्र लिहिलं जातं, ‘उपक्रम परिणामकारक ठरला’. म्हणून दोन्ही वेळा हजर असलेल्याच मुलांचे गुण ताडून पाहायचे, आणि गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीतले गुण वेगळे द्यायचे.

दुसरी अडचण अशी की सात महिन्यांत मुलं तशीही शिकतातच. शेजारच्या गावातला, तो उपक्रम न केलेला वर्ग तुलनेला मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तसं लेखाच्या ‘मर्यादा’ या भागात लिहावं, आणि निष्कर्षाचा सूर तेवढा खाली आणावा. आणि हो, बावीस मुलांत ‘४.५५ टक्के विद्यार्थी’ म्हणजे एक मूल. ‘एक मूल’ असंच लिहा.

चाचणीचा नियम भोळेपणातून आलाय, पण नुकसान मोठं करतो. आपल्या मराठी शाळांतली पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची आहेत, बालभारतीची नव्हेत. धडे वेगळे, आणि आपलं मूल मराठीबरोबर कन्नडही शिकत असतं. पुण्याकडच्या तिसरीसाठी बेतलेली चाचणी अथणीतल्या मुलाला दिली, तर न शिकवलेल्या गोष्टीचे गुण आपण मोजतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचनपातळी कुठल्याच पाठ्यपुस्तकाला बांधलेली नाही: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठं आहे हे पाहायला ती चांगली. पण तिच्या पायऱ्या उंच आहेत, दोन महिन्यांतली बारीक वाढ तिच्यात दिसेलच असं नाही. स्वतः चाचणी बनवणार असाल तर आधी दुसऱ्या शाळेतल्या पाच-सहा मुलांवर करून पाहा. सूचना कुठल्या भाषेत दिल्या, किती वेळ दिला, चाचणी कुणी घेतली हे लिहा. जिनं शिकवलं तिनंच गुण दिले, हा आक्षेप हमखास येतो. त्यावर उपाय सोपा आहे: काही उत्तरपत्रिका पूर्वीच्या की नंतरच्या हे न सांगता दुसऱ्या बाईंकडून तपासून घ्यायच्या, आणि दोघींचे गुण किती जुळले ते द्यायचं.

सीमाभागाचा उल्लेख टाळा, म्हणे! मग लेखात उरलं काय? जयपूरच्या किंवा गुवाहाटीच्या वाचकाला आपल्या लेखातून जे नवं मिळणार आहे ते हेच. बेळगाव शहरातलं मूल बाजारात, बसमध्ये रोज कन्नड ऐकतं. कणकुंबी-जांबोटीच्या जंगलाकडचं मूल कन्नडला बहुतेक शाळेतच भेटतं. मराठी शाळेच्या पटावरची सगळी मुलं घरी मराठीच बोलतात हेही गृहीत धरता येत नाही. कुणाच्या घरी कन्नड असते, कुणाच्या घरी उर्दू, आणि गोव्याच्या बाजूला कोकणीच्या वळणाची बोली. घरची भाषा, गावची भाषा, शाळेचं माध्यम, कन्नडशी संबंध कुठं आणि किती, एवढं प्रत्येक मुलाबद्दल विचारून एक तक्ता दिला की परीक्षकाला वर्ग दिसतो. टाळायचंच असेल तर विशेषणं टाळा. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला दावा, ‘गळचेपी’, ‘अन्याय’ हे वाचनाच्या अभ्यासाच्या पद्धती-विभागात नको. त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत, आणि बेळगावात ती कमी नाहीत.

परवानगीबद्दल ‘आपलीच मुलं’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण ती आपल्याला शिकवायला दिलीत, छापायला नव्हे. मुख्याध्यापकांची आणि खात्याची लेखी परवानगी घ्या, पालकांची संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. ज्या आईला वाचता येत नाही तिला कागद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा. ‘नाही’ म्हटलं तर मुलाचं शाळेत काही बिघडणार नाही हे तोंडानं सांगायचं. नाव बदललं की ओळख लपली, असं लहान गावात होत नाही. शाळेचं नाव दिलं आणि ‘तिसरीतली धनगरवाड्यावरची एकमेव मुलगी’ असं लिहिलं की गावाला नावाची गरज राहत नाही. तिच्या वाचनातल्या चुका मग चावडीवर जातात. ‘खानापूर तालुक्यातली एक सरकारी मराठी शाळा’ एवढंच पुरे. लेखकाचं नाव लपवून परीक्षण होतं तिथं तर शाळेचं नाव दिलं की लेखकच उघडा पडतो. आणि फोटो नकोत.

दहा टक्क्यांची गोष्ट यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून मोडतोड होऊन आलीय. उच्च शिक्षणसंस्थांत दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, एवढंच तिथं आहे. ती उचलायची मुभा नव्हे. दुसऱ्याचा एक परिच्छेद नाव न देता घेतला तर साम्य शोधणारं सॉफ्टवेअर चार टक्के दाखवील, आणि चोरी पूर्ण असेल.

मजकुराच्या तळाशी ताजा कलम आहे: ‘एकाच वेळी चार ठिकाणी पाठवा, कुठंतरी लागेल.’ नका पाठवू. लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा असतो. दोन्हीकडे परीक्षकाला गेला आणि उघडकीला आलं तर दोन्हीकडून परत येतो. काही महिने उत्तर नाही आलं तर संपादकांना विचारणारं चार ओळींचं पत्र पाठवावं. तरीही शांतता असेल तर लेख मागं घेतल्याचं लेखी कळवावं, पोच ठेवावी, आणि मग पुढच्या नियतकालिकाच्या सूचना वाचायला घ्याव्यात.