माऊली, फोटो काढू का?

आषाढी झाली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारीच्या फोटोंची रीघ लागते. यंदा एका मित्राने टाकलेल्या फोटोवरून जुंपली. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या कागदावर झोपलेली एक म्हातारी. तोंड उघडं, पदर सरकलेला, फोकस नेमका टाचांच्या भेगांवर. ‘तिला विचारलं होतंस का?’ एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, ‘रस्त्यावर आलं की कसली प्रायव्हसी? तुझी जर्मनी तुझ्यापाशी ठेव.’

मी बर्लिनमध्ये राहते. जर्मनीचं नाव त्यानेच काढलं, म्हणून सांगते. ज्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, हा इथला नियम १९०७ सालचा आहे. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर रात्री चोरून आत शिरले आणि त्यांनी मृत बिस्मार्कचा फोटो काढला. त्या प्रकरणानंतर हा कायदा आला. गर्दी, सभा-मिरवणुका, कला यांना त्यात सवलती आहेत. तरीही बर्लिनच्या झू स्टेशनपाशी टिपलेल्या एका बाईचा फोटो भर रस्त्यात मोठ्या फलकावर लागला, तेव्हा ती कोर्टात गेली आणि निकाल फोटोग्राफरच्या विरोधात गेला. स्ट्रीट फोटोग्राफी ही कला आहे हे घटना न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं, पण फोटोग्राफरची तक्रार काही ऐकली नाही.

आणि ही काही फक्त जर्मनांची खोड नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्यात आहे. ग्रुपवर हे टाकलं तर कुणी चकार शब्द काढला नाही.

‘विचारलं की फोटो मेला,’ हा त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. विचारलं की माणूस टोपी नीट करतो, हात जोडतो, हवा तो क्षण गेलेला असतो. म्हणून मी आधी काढते, मग लगेच जवळ जाऊन स्क्रीन दाखवते. २८ एमएमची लेन्स, एफ-८, फोकस दोन मीटरवर बांधलेला. म्हणजे फोटोसाठी जवळच जावं लागतं आणि माझंही तोंड समोरच्याला दिसतं. बर्लिनमधल्या कॉटबुसर टोरच्या चौकात कुणी ‘पुसा तो’ म्हणालं की पुसते. चांगला फोटो हातचा गेला की यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, घरी पोचेपर्यंत जीव जळतो. दिवे घाटात दुरून टिपणारी टेलिलेन्स लावून बसलेल्यांना कुणाच्या नजरेला नजर द्यावीच लागत नाही.

माझं माहेर सासवडचं. पालखीचा मुक्काम असला की आमच्या ओसरीवर दिंडी उतरायची. आजी पाणी तापवायची, बायकांच्या पायांना तेल चोळायची, त्या टाचा आम्ही पोरींनी हाताने धरल्यात. त्या बायका दरवर्षी विचारायच्या, ‘पोरगी कितवीला गं आता?’ त्या फोटोतल्या टाचा बघून मी चिडले ती यामुळे, कायद्यामुळे नाही.

पण गेल्या खेपेला त्याच सासवडात मी कॅमेरा उचलला आणि एका माऊलीने विचारलं, ‘ताई, तुम्ही कुठून आलात?’ लगेच डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरून पोझ देऊन उभीही राहिली. बर्लिनमध्ये हा प्रश्न रोजचाच आहे. सासवडात तो लागला, फार लागला. मी तिच्यासाठी कॅमेरावाली पाहुणी झाले होते, आणि पाहुणीला मिळणारी मोकळीक मी घेतली. आपल्याकडची माणसं जेवढं जवळ येऊ देतात तेवढं इथे कुणी येऊ देत नाही. त्या मोकळिकीची मला भूक असते, म्हणून मी वारीत जाते. इथे मी ते फोटो भिंतीवर लावते, लोक वाखाणतात. बर्लिनच्या एखाद्या बाईचा चेहरा असता तर ‘परवानगी घेतली का’ हा पहिला प्रश्न आला असता. वारीतल्या बायकांबद्दल आजवर कुणीही तो विचारलेला नाही.

म्हणून मी तो विचारत राहणार, मित्रालाही आणि माझ्या फोटोंबद्दलही. तो फोटो त्याला स्पर्धेला पाठवायचाय, आणि ‘लाखो लोकांत तिला कुठे शोधू’ म्हणतो. फोटोतच मागे ट्रक आहे, त्यावर दिंडीचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो. दिंडीप्रमुखाचा फोन नंबर मिळवायला एक दुपार पुरेल. आधी तिला प्रिंट पाठव, ती हो म्हणाली तर स्पर्धेला पाठव.